कोर्लईच्या दीपगृहापर्यंतची वाट: मागे काय काय घडलंय

पावसाळा सरला की नाशिकच्या ट्रेकवाल्या ग्रुपांवर एक रूट हमखास फिरायला लागतो. अलिबागजवळच्या रेवदंड्याच्या तटापासून समुद्राकडेने निघायचं, खाडीवरचा पूल ओलांडून कोर्लई गाठायचं, कोळीवाड्यातून दीपगृह आणि तिथून पायऱ्या चढून किल्ला. फोटो भारी येतात यात वादच नाही, एका अंगाला उघडा समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी आणि मधे समुद्रात घुसलेली ती लांबुळकी टेकडी. पण फोटोखाली कुणी "हिडन जेम" वगैरे लिहिलं की हसू येतं, कारण ही जागा लपलेली कधी नव्हतीच, शेकडो वर्षं कुठून कुठून माणसं इथं येऊन उतरत होती आणि त्यासाठी मारामाऱ्या करत होती. चालताना जे जे दिसतं, तटबंदी, पडकं चर्च, दीपगृह, कोर्लईतली ती वेगळीच बोली, ते सगळं एकाच कारणाने तिथं आलंय. कुंडलिका नदी जिथं समुद्राला मिळते तिथं चौलचं बंदर होतं.

चौल म्हणजे आताचं रेवदंड्याच्या शेजारचं नारळी-पोफळीचं शांत गाव. ग्रीक लेखकांच्या नोंदींत ते सेमुल्ला, सिमुल्ला असं येतं, अरबांकडे सैमूर, कान्हेरीच्या लेण्यांत दान देणारे चेमुलचे लोक आहेत. दहाव्या शतकात अल मसूदी नावाचा बगदादचा प्रवासी इथं येऊन गेला, तेव्हा कोकणात शिलाहारांचं राज्य होतं, आणि त्याने लिहून ठेवलंय की इथं परदेशी मुसलमान व्यापारी मोठ्या संख्येने राहतात, लग्नं करून इथलेच झालेत. म्हणजे पोर्तुगीज यायच्या सहाशे वर्षं आधी हे गाव चांगलंच मुरलेलं होतं.

आता नाशिककरांना वाटेल, आपला काय संबंध. गोदावरी आपल्याला पाठ फिरवून पूर्वेला जाते, त्यामुळे समुद्र म्हणजे कुणा दुसऱ्याचा अशी आपली एक समजूत असते. ती काढायची तर पांडवलेणीला जा. सकाळी व्यायामाला म्हणून पायऱ्या चढणारे शेकडो लोक दहा नंबरच्या लेण्यासमोरून रोज जातात, त्या लेण्याच्या व्हरांड्यात आत शिरून मागच्या भिंतीकडे वर बघा, दारांच्या डोक्यावर छताला लागून ब्राह्मी अक्षरांच्या ओळीच्या ओळी आहेत. नहपान या क्षत्रप राजाचा जावई उषवदात, त्याने साधारण दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला काय काय दान केलं त्याची ती यादी. त्यात इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा, डहाणुका या नद्यांवर लोकांना फुकट पलीकडे नेणाऱ्या होड्या ठेवल्या आणि दोन्ही तीरांवर बसायच्या जागा आणि पाणपोया केल्या असं स्पष्ट कोरलंय. डहाणू आहे त्यात, शूर्पारक म्हणजे सोपारा आहे, आणि गोवर्धन पण आहे, तेच आपलं गंगापूर रोडवरचं गोवर्धन. नानंगोल नावाच्या गावातली नारळाची 32,000 झाडं त्याने गोवर्धन, सोपारा आणि आणखी दोन ठिकाणच्या परिषदांना, म्हणजे धार्मिक मंडळांना दिली. घाटावरच्या गोवर्धनला नारळाच्या बागेचं उत्पन्न! शिवाय गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेण्यांकडे, म्हणजे संघांकडे, 3,000 कार्षापण (तेव्हाची नाणी) ठेव म्हणून ठेवले, 2,000 दरमहा एक टक्क्याने आणि 1,000 पाऊण टक्क्याने, त्या व्याजातून भिक्षूंचा खर्च भागायचा. विणकाम करणारं गाव घाटावर आणि बंदरं घाटाखाली, मधे थळघाट, नाणेघाट असे रस्ते, हे सगळं एकाच धंद्याचं आतलं-बाहेरचं टोक होतं. आज आपण कसाऱ्याने उतरून अलिबागला जातो तेव्हा थोडाफार तोच उतार उतरतो, फक्त टोलनाके नवे.

चौलचा माल घाट चढून जुन्नरकडे जायचा. 1469 ला रशियातल्या त्वेर गावचा व्यापारी अफनासी निकितीन चौलला उतरला तोही घाट चढून जुन्नरलाच गेला. गडी इराणजवळच्या हुर्मुझ बंदरातून एक घोडा घेऊन आला होता, कारण आपल्याकडे चांगले घोडे पैदा होत नाहीत आणि किंमत जबरी मिळते हे त्याला कळलं होतं. जुन्नरला तिथल्या खानाने तो घोडाच जप्त केला, धर्म बदल तर परत देतो म्हणाला, मग मधे कुणीतरी पडलं आणि घोडा सुटला. पावसाळाभर तो जुन्नरलाच अडकून होता. वास्को द गामाच्या जवळजवळ तीस वर्षं आधीची गोष्ट आहे ही. रेवदंड्यात त्याचं स्मारक आहे, वाटेतच पडतं, पण समुद्र दिसायला लागला की गाड्या तिथं कशाला थांबतायत.

पोर्तुगीज आले आणि मग सगळं बिघडलं, किंवा घडलं, कुठल्या बाजूने बघता त्यावर आहे. 1508 मध्ये चौलच्याच पाण्यात इजिप्तच्या मामलुकांचं आरमार आणि गुजरातच्या मलिक अयाझची गलबतं यांनी मिळून पोर्तुगीजांना हरवलं, व्हाइसरॉय आल्मेडाचा मुलगा लोरेन्सो त्यात मारला गेला. बापाने पुढच्याच वर्षी दीवला त्याचा सूड घेतला आणि अरबी समुद्रावर कुणाचा शब्द चालणार ते बराच काळ ठरून गेलं. नंतर अहमदनगरच्या निजामशहाच्या परवानगीने पोर्तुगीजांनी रेवदंड्याला आधी वखार टाकली, मग 1521 च्या सुमारास किल्ल्याला हात घातला. आजही अलिबागहून मुरुडकडे जाणारा रस्ता त्या तटातूनच आत शिरतो, गाव तटाच्या आत आहे आणि वाड्यांमधे पोफळींच्या मागे चर्चच्या भिंती उभ्या आहेत. सातखणी म्हणतात तो मनोरा फ्रान्सिस्कन पंथाच्या चर्चचा. सात खण आता मोजायला गेलात तर भरणार नाहीत.

निजामशाहीला हा शेजार पुढे जड जायला लागला. नाशिक परगणाही तेव्हा निजामशाहीतच होता, त्यामुळे चौलच्या जकातीचं भांडण आपल्याही राजाचं भांडण होतं म्हणा ना. 1570-71 मध्ये मुर्तजा निजामशहाने चौलला मोठा वेढा घातला, महिनोन्‌महिने चालला, हाती काही लागलं नाही. मग दुसऱ्या बुऱ्हाण निजामशहाने वेगळा डाव टाकला. रेवदंडा घेता येत नाही ना, मग समोरची टेकडी धरा. ती टेकडी म्हणजे कोर्लई.

वर गेल्यावर या डावातली खुबी आपोआप कळते. माथा इतका अरुंद आहे की मधे उभं राहिलं की डावीकडे समुद्र, उजवीकडे खाडी, आणि उत्तरेच्या टोकावरून रेवदंडा अगदी समोर. खाडीत शिरणारं प्रत्येक गलबत पायाखालून जाणार. तिथं तोफा बसल्या असत्या तर पोर्तुगीजांचं बंदर नुसतं नावाला उरलं असतं. पोर्तुगीजांना हे बरोब्बर कळलं आणि 1594 मध्ये त्यांनी हल्ला करून टेकडी घेतली, आणि मग स्वतःच ती पक्की बांधली. माथ्याला आडव्या भिंती घालून कप्पे पाडलेत, एका दरवाज्यातून दुसऱ्या कप्प्यात, तिथून तिसऱ्यात, म्हणजे शत्रूने एक घेतला तरी पुढचा पुन्हा लढून घ्यायचा. आपण सह्याद्रीतले किल्ले बघून आलेली माणसं, तिथं कडाच निम्मं काम करतो, इथं मात्र ते सगळं भिंतींवर सोपवलेलं दिसतं. पाण्याचं टाकं आणि छप्पर गेलेलं चर्च वरतीच आहे.

चिमाजी अप्पांनी 1739 ला वसई घेतली आणि उत्तर कोकणातला पोर्तुगीजांचा खेळ संपला, चौल आणि कोर्लई 1740 च्या तहात मराठ्यांकडे आले. 1818 नंतर इंग्रज. पण तोवर चौलची रया गेलेली होती. मुंबई वर आली होती, व्यापार तिकडे सरकला, खाडीत गाळ भरत गेला. बंदर मेलं ते हळूहळू मेलं, कुठल्या एका लढाईत नाही.

सत्ता गेली तरी कोर्लईच्या पायथ्याची ख्रिस्ती वस्ती मात्र तिथंच राहिली, आणि त्यांच्या घरात पोर्तुगीज आणि मराठी मिसळून झालेली बोली आजही बोलतात. बोलणारे हजारभरसुद्धा नसतील. पोर्तुगालशी संबंध तुटून पावणेतीनशे वर्षं झाली, ना शाळेत शिकवली जाते ना कुठे छापली जाते, तरी टिकलीय, आणि माझ्या मते या अख्ख्या वाटेवरची सगळ्यात मोठी गोष्ट ती आहे, किल्ला नाही. तेवढं लक्षात ठेवून कोळीवाड्यातून जरा नीट जावं. मासळी वाळत घातलेली असते, ती लोकांची कमाई आहे, सेल्फीचं बॅकग्राउंड नाही.

राहिलं दीपगृह. या सगळ्यात ते सगळ्यात तरुण, स्वातंत्र्यानंतरचं. मुंबईच्या आसपासची जुनी दीपगृहं इंग्रजांनी बांधली, खांदेरीचं 1867 चं, प्रॉंग्जचं 1875 चं, कारण त्यांना मुंबईत शिरणाऱ्या जहाजांची काळजी. कोर्लईसमोर समुद्रात चौल कडू नावाचा खडकांचा पट्टा आहे, भरतीला तो पाण्याखाली जातो, नवख्या तांडेलाला कळत नाही, तेव्हा इथं दिवा हवाच होता. प्रत्येक दीपगृहाच्या चमकण्याची लय ठरलेली असते, शेजारच्या दिव्यासारखी ती नसते, त्यामुळे रात्री सेकंद मोजून खलाशाला आपण कुठं आहोत ते कळतं, आणि दिवसा मनोऱ्याचा रंग बघून. तिकीट काढून आत सोडतात, आतला कर्मचारी मूडमध्ये असेल तर भिंगांचं सगळं समजावून सांगतो, जरूर विचारा. आता जहाजांवर जीपीएस आहे, 1927 चा दीपगृह कायदा जाऊन 2021 ला नवा आला, त्यात इलेक्ट्रॉनिक साधनं पण धरलीत, तरी दिवा काही बंद केला नाही. छोट्या होड्यांना तोच लागतो.

बंदर तसं पूर्ण मेलेलंही नाही म्हणा, साळावच्या स्टील कारखान्याचे बार्ज अजून याच तोंडातून आत येतात, वरून बघायला मजा येते. आणि आता रेवस ते रेड्डी सागरी महामार्गाचं काम, ज्याची कल्पना मुख्यमंत्री अंतुलेंच्या काळापासून ऐकतोय, त्यात इथल्या खाडीवरही नवा मोठा पूल आहे. तो झाला की नाशिकहून काशीद-मुरुडला जाणाऱ्या गाड्या इथून सुसाट निघतील, रेवदंड्याच्या तटातून वळत वळत जायची गरजच उरणार नाही. चालणाऱ्यांना ते बरंच आहे खरं तर, पण रेवदंड्याच्या खानावळवाल्यांना विचारलंत तर उत्तर वेगळं मिळेल.