काकासाहेब गाडगीळ आणि आपलं लाईट बिल

अजूनही कितीतरी घरांत लाईट बिलाला ‘एमएसईबीचं बिल’च म्हणतात, मंडळाची २००५ ला शकलं झाली तरी. हे मंडळ ज्या कायद्याखाली १९६० मध्ये उभं राहिलं तो १९४८ चा वीज पुरवठा कायदा आणणारे मंत्री पुण्याचे होते, न. वि. ऊर्फ काकासाहेब गाडगीळ. खातं होतं बांधकाम, खाणी आणि वीज. आज यातली तीन-चार वेगवेगळी मंत्रालयं होतील, तेव्हा सगळं एकाच टेबलावर.

हे असं एकत्र कसं आलं तर त्याचं मूळ इंग्रजांच्या काळात आहे. व्हाइसरॉयच्या कौन्सिलात १९४२ ते ४६ बाबासाहेब आंबेडकर मजूर खातं सांभाळत होते आणि त्याच खात्यात सरकारी बांधकाम, खाणी, वीज, पाटबंधारे हे पण यायचं, दामोदर खोऱ्याच्या (बंगाल-बिहारमधल्या धरणं आणि विजेच्या) योजनेची सुरुवातीची मांडामांड तिथलीच. १९४६ च्या हंगामी सरकारात ते खातं फोडून बांधकाम-खाणी-वीज वेगळं काढलं, आधी शरदचंद्र बोस, मग सी. एच. भाभा (अणुशास्त्रज्ञ होमी भाभा नव्हेत), आणि १५ ऑगस्ट १९४७ ला गाडगीळ. दामोदर व्हॅली कॉर्पोरेशनचं बिल पास करून घ्यायचं काम मग त्यांच्याकडे आलं.

गाडगीळ काही इंजिनिअर नव्हते हां. फर्ग्युसनचे पदवीधर, १९२० ला वकील, मग काँग्रेस आणि तुरुंगाच्या वाऱ्या. केशवराव जेध्यांना ब्राह्मणेतर चळवळीतून काँग्रेसमध्ये आणण्यात त्यांचा मोठा हात, १९३४ पासून दिल्लीच्या केंद्रीय असेंब्लीत. दिल्लीत माणूस सरदार पटेलांचा.

त्यांचा सगळ्यात जास्त सांगितला जाणारा किस्सा पठाणकोट-जम्मू रस्त्याचा. फाळणीआधी जम्मूला जायचं ते सियालकोटवरून आणि सियालकोट गेलं पाकिस्तानात, म्हणजे काश्मीरमधल्या सैन्याला रसद पोचवायला धड वाटच नाही. पटेलांनी नकाशा पुढे ठेवला आणि हा रस्ता करायचाय म्हणाले, गाडगीळांनी नद्या, डोंगर, अडचणी सगळं सांगून बघितलं पण पटेल ऐकतायत कुठे. ६५ मैलांचं काम. राजस्थानातून स्पेशल ट्रेननी दहाएक हजार मजूर आणले, रात्री काम चालावं म्हणून लांबच लांब फ्लडलाइट लावले, दवाखाने, बाजार, अगदी फिरता सिनेमासुद्धा, आणि आठ महिन्यांत रस्ता तयार, असं गाडगीळांनीच पुढे आठवणींत लिहून ठेवलंय. मला त्यातला सिनेमा सगळ्यात आवडतो, आठ महिने माणसं टिकवायची तर ते पण लागतंच ना.

सोमनाथचं मंदिर पुन्हा बांधायचं ठरलं तेव्हाही नोव्हेंबर १९४७ मध्ये तिथे पटेलांबरोबर हेच होते, पण गांधीजी म्हणाले पैसा सरकारचा नको लोकांचा हवा, त्यामुळे ते काम ट्रस्टकडे गेलं.

पण माझ्या मते रस्त्यापेक्षा तो कंटाळवाणा वाटणारा वीज कायदाच मोठा. तोवर वीज म्हणजे शहरात लायसन्सवाल्या कंपन्या, खेड्यात खांब टाकून त्यांना काय मिळणार? या कायद्याने प्रत्येक राज्याला स्वतःचं वीज मंडळ काढायची सोय झाली आणि केंद्रात वीज प्राधिकरण आलं. २००३ चा नवा कायदा येईपर्यंत देशाचा वीज कारभार बऱ्याच अंशी यावरच चालला.

१५ डिसेंबर १९५० ला पटेल गेले आणि त्याच महिन्यात खातं बदललं, बांधकाम राहिलं पण वीज आणि खाणी गेल्या, उत्पादन-पुरवठा आलं. १९५२ ला पुण्यातून निवडून आले पण मंत्रिमंडळात नाव नाही. त्यांच्या जुन्या खात्याचं झालं बांधकाम, गृहनिर्माण आणि पुरवठा, मंत्री स्वर्णसिंग. खात्याच्या नावात घरं आली ती गाडगीळ बाहेर पडल्यावर.

पुढे संयुक्त महाराष्ट्र. काँग्रेसचे असून १९५५ ला लोकसभेत म्हणाले की मुंबईचा प्रश्न मुंबईच्या रस्त्यावर सुटेल. तरी १९५७ ला पुणेकरांनी पाडलंच, समितीचे नानासाहेब गोरे निवडून आले. बोलणं समितीचं आणि तिकीट काँग्रेसचं, मग दुसरं काय होणार!

१९५८ ते ६२ पंजाबचे राज्यपाल. म्हणजे आपल्या खात्याच्या काळात काम सुरू झालेलं भाक्रा धरण त्यांनी राजभवनातून वर चढताना पाहिलं, देशाला अर्पण मात्र ऑक्टोबर १९६३ मध्ये झालं, तोवर हे तिथून निघालेले. नंतर पुणे विद्यापीठाचे कुलगुरू. १२ जानेवारी १९६६ ला गेले, त्याच दिवशी दिल्लीत लालबहादूर शास्त्रींचे अंत्यसंस्कार होते.