गेन उधळून मिळवलेला गेन

ऑप-अँप म्हणजे व्होल्टेज कितीतरी पट वाढवणारी आयसी (चिप). तिच्या नॉन-इन्व्हर्टिंग, म्हणजे सिग्नल न उलटवणाऱ्या, सर्किटचा गेन (सिग्नल किती पट वाढतो तो आकडा) काढायचं सूत्र इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतं: आउटपुट इनपुटकडे परत नेणाऱ्या फीडबॅकच्या रेझिस्टरला ग्राउंडकडच्या रेझिस्टरने भागा आणि त्यात एक मिळवा. १०० किलोओहम आणि १ किलोओहम लावले की गेन १०१. या सूत्रात दोन रेझिस्टर आहेत, पण प्रत्यक्ष व्होल्टेज वाढवणारी आयसी कुठेच नाही. परीक्षेपुरतं हे सूत्र चालतं, पण आयसी त्यातून गायब का झाली हे समजायचं तर टेलिफोनच्या तारांपर्यंत मागे जावं लागतं.

१९१५ साली न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को टेलिफोन सुरू झाला. एवढ्या लांबच्या तारेत आवाज विरून जातो, म्हणून वाटेत व्हॅक्यूम ट्यूबचे (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांचे) रिपीटर, म्हणजे सिग्नल पुन्हा मोठा करणारे अँप्लिफायर, बसवले होते. पुढे एकाच तारेवरून अनेक संभाषणं एकदम पाठवायची आणि रिपीटरची संख्या शेकड्यांत न्यायची असं ठरू लागलं, तेव्हा ट्यूबचे दोष नडायला लागले. ट्यूब जुनी झाली की गेन उतरतो, सप्लाय हलला की गेन हलतो. शिवाय ती सिग्नल जसाच्या तसा मोठा करत नाही, त्यात नसलेल्या फ्रीक्वेन्सी मिसळते. एका रिपीटरमध्ये हे खपून जातं. पण एकामागे एक शेकडो रिपीटर आले की दोष साचत जातो आणि एकाचं बोलणं दुसऱ्याच्या संभाषणात घुसतं.

हॅरॉल्ड ब्लॅक हा तरुण इंजिनियर १९२१ पासून या प्रश्नाच्या मागे होता. १९२३ मध्ये त्याने एक मार्ग काढला: आउटपुट लहान करून इनपुटमधून वजा करायचं, उरते ती फक्त ट्यूबने केलेली विकृती, मग ती दुसऱ्या अँप्लिफायरने मोठी करून आउटपुटमधून काढून टाकायची. प्रयोगशाळेत हे जमलं. पण त्यासाठी दोन्ही अँप्लिफायर एकमेकांशी अचूक जुळलेले हवेत, आणि तासातासाला कुणीतरी ट्यूब तापवणाऱ्या फिलामेंटचा करंट जुळवत बसायला हवं. देशभर पसरलेल्या रिपीटरसाठी हे शक्यच नव्हतं.

उत्तर सापडलं २ ऑगस्ट १९२७ च्या सकाळी. ब्लॅक लॅकावाना फेरीने हडसन नदी ओलांडून मॅनहॅटनला कामावर निघाला होता. हातातल्या न्यूयॉर्क टाइम्सच्या पानावरच त्याने आकृती काढली, समीकरणं लिहिली. कल्पना अशी: अँप्लिफायरचा गेन गरजेपेक्षा कितीतरी जास्त ठेवायचा, आणि आउटपुटचा ठरावीक हिस्सा उलटा करून इनपुटला परत द्यायचा. गेन बराचसा वाया जातो. मात्र जो उरतो तो ट्यूबवर अवलंबून राहत नाही, परत दिलेल्या हिश्श्यावर ठरतो. तो हिस्सा ठरवतात रेझिस्टरसारखे साधे घटक, आणि ते ट्यूबसारखे दिवसागणिक बदलत नाहीत.

माझ्या मते विसाव्या शतकातल्या इलेक्ट्रॉनिक्समधली ही सगळ्यात मोठी कल्पना आहे, ट्रान्झिस्टरइतकीच. त्या काळी मात्र ती लोकांच्या पचनी पडेना. एकेक पट गेनसाठी इंजिनियर झगडत होते आणि हा माणूस तो मुद्दाम फेकून द्यायला सांगत होता. ब्रिटिश पेटंट ऑफिसने या अर्जाची गणना चिरगती यंत्रांच्या, म्हणजे ऊर्जा न देता कायम चालणाऱ्या अशक्य यंत्रांच्या, अर्जांत केली. अमेरिकेत १९२८ साली केलेल्या अर्जाला पेटंट मिळायला १९३७ उजाडलं.

शंकेला एक खरं कारणही होतं. परत येणारा सिग्नल वाटेत उशीर होऊन उलट्याचा सुलट झाला, तर अँप्लिफायर स्वतःच शिट्टी मारू लागतो. हे कधी होईल आणि कधी नाही याचं गणित ब्लॅकचाच सहकारी हॅरी नायक्विस्टने १९३२ मध्ये मांडलं.

यानंतर ही कल्पना टेलिफोनमधून गणिताकडे वळली. दुसऱ्या महायुद्धात विमानविरोधी तोफांचा नेम धरायला व्होल्टेजवर बेरीज-वजाबाकी करणारं यंत्र हवं होतं. बेल लॅब्ज या टेलिफोन संशोधन संस्थेच्या कार्ल स्वार्टझेलने १९४१ मध्ये ज्या बेरीज करणाऱ्या अँप्लिफायरच्या पेटंटसाठी अर्ज केला, त्यात तीन ट्यूब होत्या आणि गेन ९० डेसिबल, म्हणजे तीस हजार पटींच्या घरात. तो एम-९ या तोफनियंत्रक यंत्रात वापरला गेला. ‘ऑपरेशनल अँप्लिफायर’ हे नाव १९४७ मध्ये जॉन रॅगाझिनी आणि सहकाऱ्यांच्या शोधनिबंधातून रूढ झालं. १९५३ च्या जानेवारीत जॉर्ज फिलब्रिकच्या कंपनीने के२-डब्ल्यू बाजारात आणला: दोन १२एएक्स७ ट्यूब, अधिक-उणे ३०० व्होल्ट सप्लाय, गेन १५,००० च्या आसपास.

सिलिकॉनवर हे सगळं उतरवलं फेअरचाइल्ड या चिप बनवणाऱ्या कंपनीच्या बॉब विडलारने. त्याचा १९६४ चा ७०२ हा ऑप-अँप फारसा चालला नाही, १९६५ चा ७०९ मात्र जोरात खपला. त्याचा गेन ४५,००० च्या घरात होता, पण शिट्टी थांबवण्यासाठी बाहेरून कपॅसिटर आणि रेझिस्टर जोडावे लागत. ते चुकले की सर्किट बिघडलंच. १९६८ मध्ये फेअरचाइल्डच्याच डेव्ह फुलागरने ३० पिकोफॅरडचा कपॅसिटर थेट चिपमध्ये घातला, आणि ७४१ जन्माला आली. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला ‘सेव्हन फोर वन’ मागितली की दुकानदार आजही ती काढून देतो.

आता सुरुवातीच्या सर्किटमध्ये खरे आकडे घालू. ७४१ चा स्वतःचा गेन साधारण दोन लाख. तो धरला तर १०१ ऐवजी १००.९५ मिळतात. दुसरी चिप लावली आणि तिचा गेन निम्माच, एक लाख, निघाला तर १००.९० मिळतात. आतला गेन अर्धा झाला, बाहेर फरक पडला ०.०५ टक्के. बाजारातल्या साध्या रेझिस्टरची चूक याहून कितीतरी मोठी असते. म्हणून आयसी सूत्रातून वगळता येते.

पण हे फक्त सावकाश बदलणाऱ्या सिग्नलपुरतं खरं आहे. त्या ३० पिकोफॅरडमुळे दोन लाखांचा गेन ५ हर्ट्झच्या पुढे उतरायला लागतो आणि १ मेगाहर्ट्झला एकवर येतो. १०१ गेनच्या सर्किटला त्यामुळे १० किलोहर्ट्झच्या आसपासच मर्यादा येते. २० किलोहर्ट्झला उधळायला पुरेसा गेनच शिल्लक नसतो, आणि ऑसिलोस्कोपवर १०१ च्या जागी ४५ पट दिसतात. ऑडिओवाले तिथे ७४१ काढून १० मेगाहर्ट्झची एनई५५३२ लावतात. रेझिस्टर तेच ठेवले तरी मर्यादा १०० किलोहर्ट्झच्या जवळ जाते.