मार्थावर हसू, मारियासाठी आसू

मार्व्हल आणि डीसी या दोन अमेरिकन कॉमिक्स कंपन्यांची चुरस जुनी. १९३८मध्ये सुपरमॅन आणि पुढच्याच वर्षी बॅटमॅन आणून डीसीने मैदान मारलं. १९६१पासून स्टॅन ली आणि जॅक किर्बी यांनी आपसांत भांडणारे, चुकणारे नायक आणले आणि मार्व्हलचा जम बसला. आम्हा इंदूरच्या मराठी घरांत मात्र तेव्हा इंद्रजाल कॉमिक्सचा वेताळ होता. हे भांडण आमच्याकडे सिनेमातून आलं, म्हणजे बरंच उशिरा.

२००८च्या मे महिन्यात मार्व्हलचा ‘आयर्न मॅन’ आला, जुलैत डीसीचा बॅटमॅनपट ‘द डार्क नाइट’. तेव्हा दोन्हींना टाळ्या वाजवणारे लोक तेच होते. पण एक फरक तेव्हाच पडला. मार्व्हल १९९६मध्ये दिवाळखोरीत गेली होती. स्पायडरमॅन आणि एक्स-मेनचे चित्रपट-हक्क परक्या स्टुडिओंकडे होते. उरलेल्या दुय्यम नायकांवर तिने डाव मांडला, म्हणून प्रेक्षकांकडून तिला कच्च्या लिंबाची सवलत मिळाली. २००९मध्ये डिस्नेने तिला सुमारे ४०० कोटी डॉलरना विकत घेतलं, तरी सवलत चालूच राहिली.

ती पहिल्यांदा खुपली २०१३मध्ये. डीसीच्या ‘मॅन ऑफ स्टील’मध्ये मेट्रोपोलिसच्या इमारती कोसळल्या, सुपरमॅनने खलनायक झॉडची मान मोडली आणि गहजब झाला. वर्षभरापूर्वी मार्व्हलच्या ‘द अव्हेंजर्स’ने न्यूयॉर्कची धूळधाण केली होती, ती गोड वाटली होती. आयर्न मॅन तर पहिल्याच चित्रपटात माणसं मारतो. मार्व्हलवाल्यांचं उत्तर अगदीच पोकळ नव्हतं: तिथे कॅप्टन अमेरिका लढाई थांबवून पोलिसांना सांगतो की इमारतींतल्या लोकांना तळघरांतून बाहेर काढा. हे एवढंसं दृश्य मोठं काम करतं. पण १९८०च्या ‘सुपरमॅन २’मध्येही झॉडला खोल दरीत टाकलं होतं, हे डीसीचे जुने भक्त सोयीस्कर विसरले.

खरी ठिणगी २०१६ची. मार्चमध्ये ‘बॅटमॅन विरुद्ध सुपरमॅन’, मे महिन्यात ‘कॅप्टन अमेरिका: सिव्हिल वॉर’. दोन्हींत नायकच नायकावर उठतात, दोन्हींत आधीच्या विध्वंसाचा जाब विचारला जातो आणि दोन्हींत निर्णायक क्षणी आईच. सुपरमॅनच्या तोंडून ‘मार्था’ हे दोघांच्याही आईचं नाव ऐकून बॅटमॅनचा हात थांबतो, त्यावर जग हसलं. आई मारिया स्टार्कच्या खुनाची चित्रफीत पाहून टोनीचा, म्हणजे आयर्न मॅनचा हात उठतो, त्यावर डोळे पुसले. माझ्या मते इथे सगळा दोष प्रेक्षकांचा नाही. टोनीच्या मागे आठ वर्षांची ओळख होती. हा नव्या नटाचा बॅटमॅन पहिल्यांदाच भेटत होता. उधारी ओळखीच्याच गिऱ्हाइकाला मिळते. त्याच ऑगस्टमध्ये ‘सुइसाइड स्क्वाड’वर टीका झाल्यावर डीसीच्या चाहत्यांनी समीक्षा गोळा करणारी रॉटन टोमॅटोज ही वेबसाइटच बंद करा म्हणून अर्ज फिरवला, तेव्हा मात्र हसू आवरलं नाही.

आपल्याचं ते गोड आणि दुसऱ्याचं तेच कडू, ही वृत्ती इंदूरकरांना नवी वाटू नये. १८०१च्या ऑक्टोबरात शिंद्यांच्या सर्जेराव घाटग्यांनी इंदूर लुटलं, हे इथे तावातावाने सांगितलं जातं. त्याच जुलैत यशवंतराव होळकरांनी शिंद्यांच्या उज्जैनवर चाल करून पैसा उकळला, तो मात्र पराक्रम. ग्वाल्हेरला जाऊन ऐका, क्रम उलटा मिळेल.

डीसीच्या २०१७च्या ‘जस्टिस लीग’ने गोंधळ वाढवला. मुलीच्या मृत्यूनंतर दिग्दर्शक झॅक स्नायडर बाजूला झाला आणि ‘द अव्हेंजर्स’चाच दिग्दर्शक जॉस वेडन याने चित्रपट पुरा केला. विनोद त्याच धाटणीचे, पण इथे ते ठिगळ ठरले. स्नायडरची सुमारे चार तासांची आवृत्ती २०२१च्या मार्चमध्ये आली. मार्व्हलचा चित्रपट लांबला की ‘कात्री नाही का?’ म्हणणारे चार तास मुकाट बसले.

पुढे माणसंच इकडून तिकडे गेली. मार्व्हलच्या ‘गार्डियन्स ऑफ द गॅलक्सी’वाल्या दिग्दर्शक जेम्स गनला डिस्नेने २०१८मध्ये काढलं आणि २०१९मध्ये परत घेतलं, २०२२मध्ये तो डीसी स्टुडिओजच्या दोन प्रमुखांपैकी एक झाला. २०२५च्या जुलैत त्याचा ‘सुपरमॅन’ आला, भरपूर विनोद आणि एक द्वाड कुत्रा घेऊन. ‘सुपरमॅनला थट्टामस्करी शोभत नाही’ असं २०१७मध्ये ठणकावणाऱ्या माझ्या मामेभावाने मध्यांतरालाच मेसेज टाकला, ‘भिया, मजा आ गया.’ रात्री सराफ्यात भुट्ट्याचा किस खाताना मी त्याला जुनं वाक्य ऐकवलं. तो शांतपणे म्हणाला, ‘तेव्हाचे विनोद मार्व्हलकडून आणलेले होते.’