पांढरीचा बुरूज

वऱ्हाडातील गढीच्या कोपऱ्यावर मातीने उभारलेला गोल, वर निमुळता होत जाणारा टेहळणीचा व संरक्षणाचा मनोरा. ‘बुरूज’ हा शब्द अरबीतून फारसीमार्गे मराठीत आला. ‘पांढरी’ म्हणजे गावठाणाची जमीन. तिच्या उलट ‘काळी’, म्हणजे पिकाची. हा भेद महसुली भाषेतही मुरलेला होता. नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात बिगरशेती उत्पन्नावरील कराला ‘पांढरी’ म्हणत आणि इंग्रज अमदानीत १८६७ च्या कायद्याने तो पुढे चालू राहिला.

पांढरी माती नैसर्गिक नव्हे. पिढ्यान्‌पिढ्यांची राख, शेण, पडक्या भिंतींचा चुराडा, चुनखडीचे कण यांनी ती बनते. काळी माती पावसात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. पांढरी तितकी हालत नाही. म्हणून धाब्यावर (घराच्या सपाट मातीच्या छपरावर), भिंतीला आणि बुरजालाही तीच वापरत. कुटार (धान्याचा भुसा) घालून तुडवलेल्या चिखलाचे थर एकावर एक चढवत किंवा कच्च्या विटा रचत. पाया दगडी असे. ऐपतदार देशमुखाच्या गढीला वरून पक्क्या विटांचे व चुन्याचे कवचही मिळे.

या बुरजांच्या काळाबद्दल एकमत नाही. काहींच्या मते ते इमादशाहीपर्यंत (वऱ्हाडची सुलतानी राजवट, १४९०–१५७४) मागे जातात. दुसरे मत वऱ्हाड १५९६ मध्ये मोगलांकडे गेल्यानंतर देशमुख-देशपांड्यांच्या वतनांशी त्यांची सांगड घालते. तिसऱ्या मतानुसार निजाम व भोसले यांचा दुहेरी अंमल आणि पुढे पेंढाऱ्यांचा उपद्रव यांमुळे गावोगाव गढ्या मजबूत झाल्या. पहिल्या मताचे समर्थक बुरजाच्या मातीत सापडणाऱ्या खापरांकडे बोट दाखवतात. परंतु ही माती मुळात जुन्या वस्तीतून उकरलेली असते. तिच्यातील खापर बुरजापेक्षा शेकडो वर्षांनी जुने असू शकते. ते मातीचे वय सांगते, बांधकामाचे नव्हे. याउलट बंदुकीसाठी ठेवलेल्या जंग्या (भिंतीतली छिद्रे) मूळ बांधणीतल्या असतील, तर बुरूज फार मागे नेता येत नाही. त्यामुळे बुरजाखालचे पांढरीचे टेकाड जुने, कधीकधी मध्ययुगाच्याही आधीचे, आणि आज दिसणारा बुरूज बहुधा सतराव्या-अठराव्या शतकातला, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. पवनार (जि. वर्धा) येथे १९६७ मध्ये झालेल्या उत्खननात धाम नदीकाठच्या पांढरीखाली एकावर एक अनेक काळांची वस्ती आढळली होती, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

बहुतेक गढ्या नदी-नाल्याच्या उंच काठावर आहेत. एका बाजूचे संरक्षण पाण्यावर सोपवायचे, हा हेतू. आज नेमकी तीच बाजू आधी जाते. पूर्णेच्या खोऱ्यात गाळाचा थर जाड असून खारपाण पट्ट्यातील (खाऱ्या भूजलाच्या भागातील) मातीत सोडियम अधिक असते. अशी माती पाण्यात विरघळल्यासारखी सुटी होते. पावसाचे पाणी उंदराच्या बिळातून वा भेगेतून आत शिरते, आतल्या आत पोखर पडते आणि वरून धड दिसणारा काठ एके दिवशी बसतो. पुराने पायथा कोरला की दरड उभी तुटते आणि बुरजाचा नदीकडचा अर्धा भाग तिच्यासोबत जातो. उरलेला अर्धा उभ्या कापलेल्या भाकरीसारखा दिसतो. त्यात राखेचे, विटांचे, लिपणाचे थर उघडे पडतात. अभ्यासकाला ही आयती संधी, पण दर पावसाळ्यात थोडी कमी होणारी. जमिनीकडच्या बाजूस माणूस हेच कारण आहे: पांढरी उत्तम खत मानली जाते, ती गाड्या भरून शेतात जाते. पिंपळ-वडाची मुळे आणि गुप्तधनाच्या आशेने खणलेले खड्डे ही भर.

बाळापूरचा किल्ला (जि. अकोला) या वर्गात मोडत नाही, पण तुलनेसाठी उपयोगी आहे. मन व म्हैस नद्यांच्या संगमावरील हा किल्ला एलिचपूरचा (आजचे अचलपूर) नबाब इस्माईलखान याने १७५७ मध्ये पूर्ण केला, असे मानतात. तेथे भाजक्या विटांचे बुरूज बरेच टिकले आहेत. गावालगतची, मिर्झाराजे जयसिंग यांच्या नावाने ओळखली जाणारी छत्री मात्र नदीच्या अगदी काठावर आहे.

बहुसंख्य गढ्या खासगी मालकीच्या असल्याने १९६० च्या महाराष्ट्र प्राचीन स्मारके कायद्याखाली थोड्याच आल्या आहेत. डागडुजीत सिमेंटचा गिलावा दिला जातो. तो घातकच म्हणावा लागेल, कारण आतली ओल बाहेर पडत नाही आणि माती गिलाव्यामागे भुसभुशीत होऊन खाली साचते. पांढरी माती, शेण व कुटार यांचे लिपण दरवर्षी करणे हाच जुना उपाय होता. वाडा ओस पडला की तो थांबतो.

पूर्व विदर्भात वैनगंगेकाठच्या पवनी येथील मातीचा तट व खंदक वेगळ्या परंपरेतले व अधिक प्राचीन असल्याने त्यांचा समावेश येथे केलेला नाही.