हातरुमालाची परीक्षा : सोलापूरच्या धुळीसाठी व्हॅक्यूम क्लीनर निवडताना

एप्रिल-मे महिन्यांत सकाळी पुसलेल्या टेबलावर संध्याकाळी बोटाने नाव लिहिता येते, हे सोलापुरात राहणाऱ्या कोणाला समजावून सांगावे लागत नाही. हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला प्रदेश. वर्षाचा पाऊस सरासरी ५५० मिलिमीटरच्या आसपास, आणि जमीन बेसाल्ट खडक झिजून तयार झालेली काळी. या मातीतले माँटमोरिलोनाइट जातीचे चिकणखनिज पाण्याने फुगते आणि वाळले की आकसते. म्हणून उन्हाळ्यात शेतांना भेगा पडतात, वरच्या थराचा भुगा होतो आणि वारा तो शहरात आणून टाकतो. चिकणमातीचा सुटा कण दोन मायक्रोमीटरपेक्षाही लहान असतो, तर माणसाचा केस साधारण ७० मायक्रोमीटर जाड असतो. पूर्व भागात यंत्रमागाच्या शेजारी ज्यांची घरे आहेत, त्यांच्याकडे या मातीत कापसाच्या तंतूंची भर पडते. तंतू डोळ्यांना खुपतात, परंतु ते पकडायला सोपे असतात. खरी अडचण मातीच्या बारीक कणांची आहे.

केरसुणीने केर काढताना नेमके हेच कण उडतात. मातीचा दहा मायक्रोमीटरचा कण स्थिर हवेत सेकंदाला सुमारे आठ मिलिमीटर या वेगाने खाली येतो, म्हणजे दहा फूट उंचीच्या छतापासून फरशीपर्यंत यायला त्याला सहा-सात मिनिटे लागतात. एक मायक्रोमीटरच्या कणाला हेच अंतर कापायला आठ-नऊ तास लागतात, आणि पंखा चालू असेल तर त्याहूनही अधिक. सकाळी झाडलेली धूळ दुपारी पुन्हा कपाटावर बसलेली दिसते, त्यात घर झाडणाऱ्याचा दोष नसतो. उडवलेली धूळ खोलीबाहेर गेलेलीच नसते.

व्हॅक्यूम क्लीनरचा जन्म याच निरीक्षणातून झाला. ह्यूबर्ट सेसिल बूथ या इंग्रज अभियंत्याने लंडनमध्ये हवेच्या झोताने धूळ उडवणाऱ्या एका यंत्राचे प्रात्यक्षिक पाहिले आणि धूळ उडवण्याऐवजी ओढून का घेऊ नये, असा प्रश्न केला. एका उपाहारगृहातल्या खुर्चीच्या पाठीवर त्याने हातरुमाल ठेवला, त्याला तोंड लावून जोराने श्वास आत ओढला आणि ठसका लागल्यावर रुमाल उलटून पाहिला, तर खालच्या बाजूला काळा डाग पडला होता. १९०१ मध्ये त्याने पेटंट घेतले. त्याचे पहिले यंत्र घोडागाडीवरून रस्त्यात आणून उभे करावे लागे आणि लांब नळ्या खिडक्यांतून घरात सोडाव्या लागत. यंत्र आज हातात मावते, पण तत्त्व बदललेले नाही : पंखा आतल्या हवेचा दाब कमी करतो, बाहेरची हवा आत घुसते आणि वाटेतली धूळ सोबत आणते. मधल्या गाळणीने धूळ अडवायची आणि हवा परत खोलीत सोडायची. या परत सोडलेल्या हवेकडे गिऱ्हाईक सहसा पाहत नाही. माझ्या मते यंत्राची पारख तिथेच होते.

दुकानात मात्र पहिला आकडा वॅटचा ऐकू येतो. वॅट म्हणजे यंत्र किती वीज घेते. ते किती धूळ ओढते हे त्यावरून कळत नाही. युरोपीय संघाने सप्टेंबर २०१७ पासून घरगुती यंत्रांना ९०० वॅटची कमाल मर्यादा घातली आणि तरीही तिथली घरे स्वच्छ होत राहिली. उपयुक्त राशी दोन आहेत, ओढीचा दाब आणि हवेचा प्रवाह, आणि त्यांचा गुणाकार म्हणजे ‘एअर वॅट’. यात एक मेख आहे. खोक्यावर छापलेला कमाल दाब नळीचे तोंड पूर्ण बंद असताना मोजतात आणि कमाल प्रवाह ते पूर्ण उघडे असताना. म्हणजे हे दोन्ही आकडे एकाच वेळी कधीच खरे नसतात. २० किलोपास्कल दाब आणि सेकंदाला ३० लिटर प्रवाह यांचा गुणाकार ६०० होतो, पण प्रत्यक्ष कामात त्याचा साधारण चौथा हिस्सा, म्हणजे दीडशे एअर वॅटच्या आसपास, हाती लागतो. विजेच्या दृष्टीने आणखी एक हिशेब करावा : सहा अँपिअरचे साधे सॉकेट २३० व्होल्टला १३८० वॅटच पेलते. त्याहून मोठे यंत्र इस्त्रीच्या बोर्डावरून एक्स्टेन्शन काढून चालवू नये; त्यासाठी सोळा अँपिअरचे सॉकेट लागते.

आता गाळणीकडे वळू. हेपा गाळणी, म्हणजे अतिसूक्ष्म कण अडवणारी तंतूंची दाट गाळणी, पिठाच्या चाळणीसारखी काम करते, असा समज सार्वत्रिक आहे आणि तो चुकीचा आहे. तिच्या आत तंतूंचे वेडेवाकडे जाळे असते आणि त्यातल्या फटी अनेक कणांपेक्षा मोठ्या असतात. जड कणांना हवेबरोबर वळणे घेता येत नाही, म्हणून ते तंतूंवर आदळून चिकटतात. अतिसूक्ष्म कण हवेच्या रेणूंचे धक्के खात इतके भरकटतात की कुठल्या ना कुठल्या तंतूला लागतातच. निसटण्याची सर्वांत जास्त संधी मधल्या, सुमारे ०.३ मायक्रोमीटरच्या कणाला असते, म्हणून गाळणीची परीक्षा त्याच मापावर घेतात. अमेरिकी मानकानुसार असे ९९.९७ टक्के कण अडले पाहिजेत. युरोपीय वर्गवारीत एच-१३ ही पातळी याच्या जवळपासची आहे. ‘हेपासारखी’ असे मोघम लिहिलेल्या गाळणीला यातले काहीच बंधनकारक नसते. गाळणी उत्तम असूनही झाकणाच्या कडेला रबरी पट्टी नसेल, तर हवा तिला वळसा घालून निघून जाते. तेव्हा संपूर्ण यंत्र हवाबंद आहे का, हे विचारावे.

मात्र हेपा ही शेवटची गाळणी असायला हवी. काळ्या मातीचा सगळा मारा तिच्यावरच झाला तर ती लवकर तुंबते आणि ओढ मंदावते. पिशवीविरहित यंत्रांत हवा भोवऱ्यासारखी फिरवून धूळ भिंतीकडे फेकतात. ब्रिटिश संशोधक जेम्स डायसन यांनी या रचनेसाठी ५,१२७ नमुने बनवले होते. हा भोवरा तंतू आणि जाड कण छान वेगळे करतो, पण बारीक माती बरीचशी पुढे निसटते. शिवाय डबा केराच्या टोपलीत उलटताना धुळीचा लोट नाकातोंडात जातो. पाण्यातून हवा सोडणारी यंत्रे मोहक वाटतात. तथापि बुडबुड्यांच्या आतली सूक्ष्म धूळ पाण्याला न शिवताच वर येते, दर वेळी चिखल ओतून टाकी धुवावी लागते, आणि ज्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही तिथे हा खर्च मनाला पटत नाही. मी स्वतः एकदाच वापरायच्या, कापडासारख्या थरांच्या पिशवीचे यंत्र निवडीन. पिशव्यांचा खर्च कायमचा मागे लागतो हे खरे, परंतु धूळ बंद पिशवीतूनच घराबाहेर जाते. त्या पिशव्या सोलापुरात मिळतात का, हे यंत्र घेण्याआधी विचारावे. दमेकरी घरात हा मुद्दा किमतीपेक्षा मोठा ठरावा.

धुण्याजोगी गाळणी असेल तर ती पूर्ण वाळल्याशिवाय बसवू नये. मे महिन्यात ती गच्चीवर, सावलीत, लगेच वाळते. श्रावणात दोन दिवसही पुरत नाहीत, आणि ओल्या गाळणीवर काळी माती बसली की तिचा लेप होतो.

आपल्याकडे शहाबादी किंवा टाइल्सची फरशी असते, गालिचे क्वचितच. त्यामुळे फिरत्या कडक ब्रशची गरज नाही, उलट तो केर मागे भिरकावतो. मऊ रोलर किंवा केसाळ कडांचे तोंड पुरते. कापसाच्या गाद्यांसाठी अरुंद तोंड आणि पंख्याच्या पात्यांसाठी गोल ब्रश हवा. यंत्राची एक मर्यादाही मान्य केली पाहिजे : फरशीला अगदी लगटून असलेल्या थरात हवेचा वेग जवळजवळ शून्य असतो आणि सूक्ष्म कण पृष्ठभागाला घट्ट चिकटलेले असतात, म्हणून ओढ कितीही असली तरी खरखरीत शहाबादीवरची शेवटची धूळ ओल्या फडक्यानेच निघते. आधी यंत्र, मग फडके, असा क्रम ठेवला तर बादलीभर पाण्याचा चिखल होत नाही.

दुकानदार प्रात्यक्षिकासाठी रांगोळी सांडून ओढून दाखवतात. रांगोळीचा कण जाड असतो. तो कोणतेही यंत्र उचलते. त्याऐवजी घरच्या कपाटाच्या माथ्यावरची धूळ पुडीत बांधून न्यावी, ती यंत्राला ओढायला लावावी आणि हवा बाहेर पडते त्या जाळीवर ओला पांढरा हातरुमाल दोन मिनिटे धरावा. बूथने रुमाल आत जाणाऱ्या हवेच्या वाटेवर ठेवला होता, आपण तो बाहेर येणाऱ्या हवेसमोर धरायचा. त्यावर करडा डाग उमटला, तर ते यंत्र दुकानातच राहू द्यावे.