दोन देशांच्या खालचे एकच भूजल

मों ब्लां पर्वताच्या परिसरातील हिमनद्यांचे पाणी घेऊन आर्व्ह नदी फ्रान्समधून स्वित्झर्लंडमध्ये शिरते आणि जिनिव्हा शहरात ऱ्होन नदीला मिळते. हिमनद्यांनी घासलेल्या खडकांची बारीक पूड बरोबर येत असल्यामुळे आर्व्हचे पाणी राखाडी असते, तर जिनिव्हा सरोवरातून बाहेर पडलेल्या ऱ्होनचे निळे-हिरवे. संगमानंतरही काही अंतरापर्यंत हे दोन रंग एकमेकांना चिकटून, पण न मिसळता वाहताना दिसतात. या आर्व्हचे काही पाणी वाळू-गोट्यांच्या थरांत मुरते आणि जमिनीखाली साठते. हा साठा, म्हणजेच जिनिव्हाचा जलधर, सीमेच्या दोन्ही बाजूंना पसरलेला आहे, आणि दोन्ही बाजूंच्या विहिरी त्यातूनच उपसा करतात.

1960 नंतरच्या दोन दशकांत हा उपसा इतका वाढला की पाणीपातळी 7 मीटरांहून अधिक खाली गेली. आपण उपसा कमी केला तर वाचलेले पाणी शेजारी उपसेल, ही भीती अशा वेळी दोघांनाही असते आणि ती खोटीही नसते. जिनिव्हाने आर्व्हचेच पाणी शुद्ध करून कृत्रिमरीत्या जमिनीत मुरवण्याचा, म्हणजे पुनर्भरणाचा मार्ग निवडला. व्हेसी येथील केंद्रात नदीचे पाणी गाळले जाते आणि जमिनीखाली पुरलेल्या सच्छिद्र नळ्यांतून थरांत सोडले जाते. नदी फार गढूळ झाली की पाणी घेणे थांबवावे लागते, कारण बारीक गाळ आत गेला तर ज्या पोकळ्यांतून पाणी मुरायचे त्याच बुजतात.

तंत्र असे हाताशी होते. अडचण होती ती खर्च कोणी सोसायचा याची. मुरवलेले पाणी फ्रान्समधील विहिरींतही जाणार होते. 1978 च्या करारात यावर काढलेला तोडगा मला आजही अतिशय समंजस वाटतो. फ्रान्सकडील गावांना वर्षाला जास्तीत जास्त 50 लाख घनमीटर पाणी उपसता येईल असे ठरले आणि त्यांपैकी 20 लाख घनमीटर पाणी पुनर्भरणाच्या खर्चातून मुक्त ठेवले गेले, कारण त्या बाजूच्या जमिनीतूनही जलधरात पाणी नैसर्गिकरीत्या मुरत असते. प्रत्येक विहिरीवर उपसा मोजण्याचे साधन बंधनकारक झाले. देखरेखीसाठी दोन्ही बाजूंचे प्रत्येकी तीन सदस्य असलेला आयोग नेमला गेला, आणि प्रत्येकी तिघांत किमान दोन जण पाण्याचे जाणकार असावेत अशी अट घातली गेली. आकड्यांवरून वाद होऊ नये यासाठी आकडे दोघांनी मिळून मोजायचे, हे या रचनेचे मर्म आहे.

मात्र त्या कागदावर सही कोणी केली, हा प्रश्न राज्यकारभाराच्या दृष्टीने पाण्याइतकाच महत्त्वाचा आहे. स्विस राज्यघटना कँटनना, म्हणजे तेथील घटक राज्यांना, शेजारच्या परकीय प्रदेशांशी मर्यादित करार करण्याची मुभा देते, त्यामुळे जिनिव्हाने स्वतः सही केली. पाणी वापरणाऱ्या फ्रेंच गावांना मात्र तो अधिकार नव्हता, म्हणून त्यांच्या वतीने ओत-साव्हुआ जिल्ह्याच्या प्रीफेक्टने, म्हणजे केंद्र सरकारच्या प्रतिनिधीने, सही केली. पुढे युरोपीय परिषदेच्या (युरोपीय संघाहून वेगळ्या असलेल्या ‘कौन्सिल ऑफ युरोप’ या संघटनेच्या) 1980 च्या माद्रिद करारनाम्याने स्थानिक संस्थांच्या सीमापार सहकार्याला चौकट दिली आणि फ्रान्स, जर्मनी, लक्झेंबर्ग व स्वित्झर्लंड यांच्यातील 1996 च्या कार्ल्सरुहे कराराने ती प्रत्यक्षात आणली. 2008 पासून लागू झालेल्या नव्या करारावर त्यामुळे फ्रान्सकडून थेट स्थानिक संस्थांच्याच सह्या आहेत. जे पाणी उपसतात आणि त्याचे पैसे भरतात, त्यांच्याच हाती सहीचा अधिकार येण्यास तीस वर्षे लागली.

युरोपीय संघाने 2006 मध्ये याहून पुढचे पाऊल टाकले. दोन देशांतील स्थानिक संस्था मिळून स्वतंत्र कायदेशीर अस्तित्व असलेली एकच संस्था स्थापन करू शकतील, असा नियम संघाने केला. अशी संस्था स्वतः नोकरभरती करते, स्वतः निविदा काढते, आणि जिथे तिचे मुख्यालय असेल त्या देशाचा कायदा तिला लागू होतो. पिरेनीज पर्वतात स्पेनमधील पुइग्सेर्दा येथे 2014 मध्ये सुरू झालेले सेर्दान्या रुग्णालय अशाच संस्थेचे आहे. त्याचा सुमारे 60 टक्के भार स्पेनचा कॅटलोनिया प्रांत आणि 40 टक्के फ्रान्स उचलतो, कारण सीमेवरच्या सेर्दान्या खोऱ्यातील फ्रेंच रुग्णांना पूर्वी घाटातून दूरच्या पेर्पिन्याला जावे लागत असे.

संस्था एक झाली तरी दोन देशांचे कायदे दोनच राहिले. फ्रेंच आईने तेथे बाळाला जन्म दिला की कागदोपत्री तो जन्म परदेशातला ठरे. रुग्ण दगावला तर काही किलोमीटरवरच्या गावी मृतदेह नेण्यासही आंतरराष्ट्रीय वाहतुकीचे नियम लागू होत, आणि ते सैल करण्यासाठी दोन्ही देशांना वेगळा करार करावा लागला. असे अडथळे कोणत्याही स्थानिक संस्थेच्या आवाक्याबाहेरचे असतात. 2025 मध्ये युरोपीय संघाने केलेल्या नव्या नियमानुसार सदस्य देश यासाठी समन्वय केंद्रे नेमू शकतात. सीमेवरच्या लोकांनी तेथे अडथळ्याची नोंद केली की त्याची छाननी करून उत्तर देणे केंद्रावर बंधनकारक होते. मात्र केंद्र नेमायचे की नाही हे प्रत्येक देशाच्या इच्छेवर सोडलेले आहे, आणि माझ्या मते या नियमाची सर्वांत कच्ची बाजू हीच आहे.