विद्यापीठातील कार्यसंस्कृती

विद्यापीठात लेखी नियमांपलीकडे ‘आपल्याकडे कामं अशीच होतात’ म्हणून जी रीत सगळ्यांनी गृहीत धरलेली असते, ती त्याची कार्यसंस्कृती. निर्णय कोण घेतो, चूक कोणाच्या माथी येते, कुलगुरूंना ‘हे एवढ्या दिवसांत जमणार नाही’ असे कोणी सांगू शकतो का, यांवरून ती ओळखता येते. विद्यापीठाच्या कामगिरीवर तिचा फार मोठा प्रभाव पडतो, कारण इथे देखरेख विरळ असते. प्राध्यापक वर्गात आणि उत्तरपत्रिकेसमोर एकटाच असतो. अमेरिकी अभ्यासक कार्ल वाइक यांनी १९७६ मध्ये शिक्षणसंस्थांना ‘सैल जोडणीच्या’ संस्था म्हटले ते याच अर्थाने. परिपत्रक विभागापर्यंत पोहोचते. ते अमलात येईल की नाही, हे तिथली रीत ठरवते.

महाराष्ट्रात हे सर्वांत उघडपणे निकालांत दिसते. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ प्रमाणे परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न करायचा असतो आणि ४५ दिवसांची मर्यादा ओलांडायची नसते. उत्तरपत्रिका जमा करणे, त्यांवर सांकेतिक क्रमांक घालणे, तपासणी, मॉडरेशन (तपासलेल्या काही उत्तरपत्रिकांची फेरतपासणी), गुणनोंद अशी ही साखळी आहे. पेपर तपासणे हे ‘विद्यापीठाचे काम, आपले नव्हे’ असे जिथे मानले जाते, तिथे तपासणी केंद्रावर परीक्षक कमी पडतात. महाविद्यालयाने अंतर्गत गुण उशिरा पाठवले, तर उत्तीर्ण विद्यार्थ्याचाही निकाल राखीव राहतो आणि त्याचा पुढचा प्रवेश अडतो.

२०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने उन्हाळी परीक्षांचे सर्व पेपर संगणकाच्या पडद्यावर तपासायचे ठरवले. उत्तरपत्रिका सुमारे १७ लाख, आणि निर्णय झाला तो परीक्षांच्या तोंडावर. शिक्षकांना पुरेसे प्रशिक्षण मिळाले नाही, स्कॅनिंग रखडले, काही उत्तरपत्रिकांची सरमिसळ झाली. कुलपती या नात्याने राज्यपालांनी दिलेली ३१ जुलैची मुदत हुकली आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. दोष निव्वळ तंत्राचा नव्हता. ज्यांनी पेपर तपासायचे त्यांची तयारी झालेली नसताना एवढा मोठा बदल एका दमात लागू केला गेला. एका विद्याशाखेत एक सत्र चाचणी घेतली असती, तर यातल्या बऱ्याच अडचणी आधीच कळल्या असत्या.

संशोधनात हानी वेगळ्या वाटेने होते. २०१० च्या यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) विनियमांनी शिक्षकांच्या पदोन्नतीला एपीआय गुणांची, म्हणजे अध्यापन, शोधनिबंध अशा कामांसाठी मिळणाऱ्या गुणांची जोड दिली. जिथे विभागात एकमेकांचे लेखन वाचून चर्चा करण्याची सवय नव्हती, तिथे पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे फावले. शोधनिबंधांची संख्या वाढली. त्यांचा कस पाहणारे कोणी नव्हते.

संस्कृती मोजण्यासाठी नुसती प्रश्नावली पुरत नाही. तिच्यात लोक अपेक्षित उत्तरे देतात. गेल्या वर्षी निकाली निघालेल्या वीस नस्त्या (फायली) काढाव्यात आणि आवक नोंदीपासून अंतिम सहीपर्यंतच्या तारखा टेबलागणिक मांडाव्यात. साध्या खरेदीवरही ‘मान्यतेस्तव सादर’ असा शेरा मारून टिपणी कुलगुरूंपर्यंत जात असेल, तर खालच्यांना अधिकार नाहीत किंवा असून वापरायची भीती आहे. दोन्हींवर उपाय निराळे: पहिल्यात अधिकार लेखी सोपवावे लागतात, दुसऱ्यात लेखापरीक्षणाचा आक्षेप आल्यावर वरिष्ठांनी कनिष्ठाच्या पाठीशी उभे राहावे लागते. पीएचडी प्रबंधांचीही अशीच तपासणी करावी. मूल्यमापन सहा महिन्यांत संपवावे असा यूजीसीचा दंडक आहे. परीक्षकांची यादी मंजूर व्हायलाच त्यातले किती दिवस गेले, ते वेगळे मोजावे.